पाण्यात न दिसणारा दगड

आई दगड निवडायची,
वाटाणे निवडावेत तसे.
काळे, तांबूस, लोखंडाचा डाग असलेले बाजूला,
पांढरे तसेच पुढे, सरकत्या पट्ट्यावर.
ग्रीनलंडहून जहाजानं यायचे ते कोपनहेगनला,
बर्फासारखे,
पण मुठीत धरले तरी न वितळणारे.

एकदा एक तुकडा तिनं घरी आणला ॲप्रनच्या खिशातून
आणि पेल्यातल्या पाण्यात सोडला.
दगड नाहीसा झाला.
मी बोट घातलं, तर होता.
"पाण्याला तो कळतच नाही, एबा,"
आई म्हणाली, आणि मान मागे टाकून हसली.
तेव्हा तिला मान मागे टाकता येत असे.

धूळ मात्र कळायची. पावावर, पापण्यांवर,
जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या जिभेवर.
रिग्मोरला रोज सकाळी ओकारी यायची,
सगळ्याजणी तिला चिडवायच्या, "कितवा महिना?"
मग एकेकीचीच भूक गेली
आणि चिडवणं थांबलं.

पुढं आई सायकलवरून मागे वळून बघेना.
कानांनीच गाडीचा अंदाज घ्यायची,
हात दाखवायची आणि वळायची, देवाच्या भरवशावर.
तिच्या बुटांच्या नाड्या मी बांधू लागले.
मोडेन पण वाकणार नाही, असं माणसं
छाती फुगवून म्हणतात.
आईनं असलं काही म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.
बरगड्या, मणके, माकडहाड,
खडूनं गिरवून गिरवून मधल्या फटी बुजवाव्यात
तसं सगळं एकसंध पांढरं.
"अशी हाडं मी कधीच पाहिली नाहीत," ते म्हणाले.
आवाजात क्षणभर आनंद होता,
रानात नवं फूल सापडल्यासारखा.
मग त्यांनी चष्मा काढला
आणि बराच वेळ पुसत बसले.

विमा कचेरीतल्या कारकुनानं विचारलं,
कुठलं हाड मोडलं?
कुठलंच नाही.
झिजलं? ठिसूळ झालं?
नाही साहेब. वाढलंय.
त्याच्या छापील कागदावर
वाढलेल्याचा रकाना नव्हता.
आयुष्यभर राबून हाडाची काडं होतात म्हणे.
आईच्या हाडांचा दगड झाला,
आणि दगडाला भरपाई नसते.

माझे दुधाचे दात स्वच्छ होते.
ते पडले, आणि पक्के आले ते पांढरे शिंतोडे घेऊन,
नंतर त्या शिंतोड्यांवर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग.
बाईंनी वर्गासमोर उभं करून विचारलं,
घरी ब्रश नाही का?
दोन होते. मी हिरड्यांतून रक्त येईतो घासायची.

दातांच्या दवाखान्यात त्यांनी मला काहीच विचारलं नाही.
आईला विचारलं,
"अंगावर किती दिवस पाजलंत?"
"दीड वर्ष," ती अभिमानानं म्हणाली,
"तिसऱ्या महिन्यात मी कामावर परत गेले होते, तरीसुद्धा.
जेवणाच्या सुट्टीत धावत घरी यायची,
हात धुवायलाही..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही.
दोन्ही हात मांडीवर ठेवले, उपडे,
आणि घरी येईपर्यंत तसेच धरले,
ट्राममध्ये तिकीटसुद्धा मलाच काढायला लावलं.

मी तिच्यावर कधी रागावले नाही.
हे तिला सांगायचं राहिलं,
कारण तिनं तो विषय पुन्हा काढला नाही
आणि मला तोंड मिटून हसायची सवय लागली होती.

त्या दगडापासून ॲल्युमिनियम होतं.
आमच्या घरी त्याचं एक पातेलं होतं,
इतकं हलकं की आई ते शेवटपर्यंत उचलू शकली.
तिला उचलायला मात्र सहा माणसं लागली.
त्यातला एक जिन्यात हळूच म्हणाला,
एवढीशी तर बाई.

तुकडा अजून माझ्याकडे आहे.
परवा नातीसमोर पेल्यात टाकला.
कुठं गेला? ती म्हणाली,
स्वच्छ दातांनी, तोंड भरून हसत.
बोट घाल, मी म्हटलं.
मग म्हटलं, थांब,
आणि घातल्यावर हात धू.