अर्धं तिकीट

इंगळीहून साडेनऊच्या एस.टी.त
स्टार्टर साखरेच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून नेला.
मांडीवर पेलेना, म्हणून पायांत ठेवला.
कंडक्टरनं बुटाच्या टोकानं चाचपलं.
"काय हाय ह्यात?"
"ट्रॅक्टरचा स्टार्टर. बंद पडलाय."
"बंद हाय म्हणून फुकट जात न्हाई, ताई."
मशिनमधून अर्धं तिकीट निघालं.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये
पलीकडच्या फौंड्रीची काळी वाळू
चहाच्या कपापर्यंत येते.
त्यांनी पोतं सोडलं,
ताप बघावा तसा लोखंडाला पालथा हात लावला.
"कुठल्या सालचा?"
"ट्रॅक्टर चोपन्नचा. मी अडुसष्टची."
ते हसले नाहीत, पान्हा शोधत होते.

बुश झिजून लांबट झालेले,
आर्मेचर काळंठिक्कर,
कार्बन हरभऱ्याच्या डाळीएवढे उरलेले.

हाच भरून घ्यायचा झाला तर
तांबं नवं, बुश नवे, पंधरा दिवस,
वजन मात्र तेच, अकरा किलो.
कागलच्या भंगारात एक पडलाय,
तोंडावळा सख्ख्या भावाचा,
पण फिरतो उलटा.
"उलटा फिरणारा पावणा काय कामाचा?"
आणि खोक्यातला नवा,
पोटात गिअर घेऊन आलेला, चार किलोंचा,
थंडीतही इंजिनाची मानगूट धरून उठवणारा.
"फकस्त ह्याला बटन बसवाय लागंल.
दांडीचं काम संपलं म्हणायचं."

दांडी म्हणजे गिअरचीच.
आमचा ट्रॅक्टर चावीला दाद देत नाही.
दांडी न्यूट्रलमधून एका कोपऱ्यात ढकलायची,
तिथं पूर्वी इंग्रजी 'एस' होता.
आप्पा त्याला पेट्रोलवर उठवत,
तापला की रॉकेलवर सोडत.
पाचवीत एबीसीडी आली तेव्हा मी विचारलं,
"एस म्हणजे काय?"
"सुलोचना," ते म्हणाले.
दहावीपर्यंत मला ते खरं वाटत होतं.

बॅटरी उतरलेल्या एका सकाळी
हँडल उलटं फिरलं आणि आप्पांचं मनगट मोडलं.
हाडवैद्यानं बांधलं ते वाकडंच बसलं.
त्या वर्षी कारखान्याच्या बिलाचे पैसे काढताना
बँकेनं सही दोनदा परत पाठवली.
आई म्हणे, वेळेवर स्टार्टर भरला असता तर.

"रिंगचे दाते बगितलासा?" मिस्त्रींनी विचारलं.
बघितले होते, बॅटरी लावून.
दोनच जागी कुरतडलेले, बाकी सगळी रिंग नवीकोरी.
"इंजन थांबतंय ते त्याच दोन जागी.
स्टार्टर बिचारा तिथंच चावतोय."
मला घरातली भांडणं आठवली,
तीही दोनच जागी येऊन थांबत:
धाकट्या काकांचं लग्न, आणि हँडल.

मन जुन्याकडं होतं, कबूल.
पण इंजिनाच्या कुशीत वाकून
अकरा किलो एका हातावर तोलत
दुसऱ्या हातानं बोल्ट लावणार कोण, मन?
उजवा खांदा दिवाळीपासून
वेणी घालतानाही ओरडतोय.

"नवा द्या," मी म्हणाले,
"पण सुरू दांडीनंच झाला पाहिजे."
"बटन शंभर रुप्याचं, ताई.
दांडीवरनं वायर घ्यायची म्हंजे इंगळीला याय पायजे,
निम्मा दिवस जाणार."
"जेवायलाच या."
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
खडूनं शटरवर लिहिलं: रविवार, सुलोचना, दांडी.

"ह्यो ठेवून जाताय का? तांब्याला भाव हाय सध्या."
मी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं.

संध्याकाळच्या गाडीला तोच कंडक्टर.
मांडीवर खोकं, पायांत पोतं.
"एक न्हेलासा, अन् दोन आणलासा?"
थोडा वेळ त्यानं दोन्हींकडं बघितलं.
"जाऊ दे, एकाचंच घेतो."

कुठल्याचं, ते विचारायचं राहिलं.