गो, नो-गो

भोसरीत, एस ब्लॉकच्या मागच्या शेडमध्ये
मी कड्या तपासते.
गेजचं एक टोक कडीत जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
पंचवीस वर्षं एवढंच.

ड्रॉइंग ओहायोहून येतं, मापं इंचात.
खाली उजवीकडे एक चौकोन असतो: उपयोग.
तो रिकामा.

धुमाळशेठ सांगायचे, पाण्याच्या पंपाला लागतं.
लेथवरचा सिकंदर अत्तार
गरम जॉबवर चहाचा ग्लास ठेवून म्हणायचा,
पंपाला इतकी चकाकी कशाला, ताई?

मग एका मार्चमध्ये तिकडे त्यांनी लढाई काढली.
एप्रिलात आमची ऑर्डर तिप्पट.
शेठनी पेढे वाटले. कशाचे, कुणी विचारलं नाही.
मीही नाही. दोन खाल्ले.
ओव्हरटाइममधून मंजिरीची फी भरली,
लोखंडी कपाट घेतलं, आरशाचं.

रात्री जेवताना टीव्हीवर
हिरव्या अंधारात कुणाचं तरी शहर उजळायचं.
एकदा एक भिंत दाखवली, भिंतीला भोक,
पलीकडे वाळत घातलेले कपडे.
भोक इतकं गोल
की माझा हात ताटाशेजारी गेज शोधू लागला.

सुतावरून स्वर्ग गाठू नये, आई म्हणायची.
पण आमचा धंदाच सुताचा.
इंचाचे आठ भाग केले की एक सूत,
आम्ही त्याच्याही शंभराव्या भागाला भांडतो.
स्वर्गात कोण कोण गेलं
ते ड्रॉइंगवर येत नाही.

पुढे तिकडे घरांचे हप्ते थकले.
राहणाऱ्यांची घरं गेली,
कर्ज वाटणाऱ्यांना सरकारने उचलून कडेवर घेतलं.
इकडे दोन ओळींची मेल आली: माल थांबवा.
न्हावाशेव्याला आमचा कंटेनर
पावसासारखा, उन्हासारखा, नुसता उभा.
दिवाळं त्यांचं, दिवाळी आपली गेली,
सिकंदर म्हणाला, आणि हिशेब घेऊन गेला.
आता आळंदी रोडला स्टूल टाकून चाव्या बनवतो.
कुलूप आणलं नाही तरी बनवतो, नुसतं सांगा.

निवडणूक त्यांची, जागरण शेठचं.
हत्ती आला, गाढव आलं, परत हत्ती आला.
दर वेळी शेठ म्हणाले, आता बघा.
कडीचा व्यास हजारांश इंचानेही हलला नाही.

यंदा आमच्या कड्यांवर जकात बसली.
शेठ आता नाहीत. त्यांचा अंबरीष
फोनवर हसून बोलतो आणि ठेवल्यावर शिवी देतो.
आठवड्यातून तीन दिवस काम.
तो म्हणतो, टिकून राहा मावशी,
कुठेतरी काहीतरी पेटतंच, मागणी येईल.

मी त्याला तो चौकोन दाखवला.
हे का भरत नाहीत?
त्याने चष्मा वर केला, नीट पाहिलं,
आणि म्हणाला, ते आपलं माप नाही.

दुपारी नवीन लॉट आला.
पहिली कडी. गो गेलं. नो-गो अडलं.
दुसरी. गेलं. अडलं.
तिसरीला मी गेज पुसलं,
कडी डोळ्याला लावली
आणि खिडकीतून पाहिलं:
समोरच्या पत्र्यावर कुणाचे तरी
कपडे वाळत होते.

तिला लाल रंग लावून रिजेक्टच्या पेटीत टाकली.
कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.
तोही चौकोनच आहे.
पेटीला कुलूप असतं. चावी माझ्याकडे,
सिकंदरने बनवलेली.