हूक राहिलेत

चौथ्यांदा तारीख पुढे गेली.
आधी संक्रांत होती, मग आषाढ,
मग नुसतंच ‘या वर्षी’,
आणि काल रात्री त्याने कळवलं:
पाणी अजून पाण्यासारखं वागत नाही.
वल्ह्याचा आवाज वल्ह्याच्या आधी येतो.
थोडे दिवस द्या.

गेले तुझे आठशे रुपये, हेमांग म्हणाला,
दांडिया बाजारच्या नाक्यावर, सेव-उसळीत पाव बुडवत.
एकटा माणूस, कुठल्याशा डोंगरातल्या गावात,
तीन वर्षं एक नदी बनवतोय.
नदी तर आपली विश्वामित्रीपण आहे,
तिच्यात निदान मगरी तरी आहेत.

मी हसलो. उसळ तिखट होती.
त्याची बाजू घ्यायला माझ्यापाशी काय होतं,
दीड मिनिटाची एक झलक:
धुकं, होडी, पैलतीरावर कंदील,
आणि नावाडी भाडं घेण्याआधी
उतारूचं नाव विचारतो.
तेवढ्यावर मी पैसे भरले होते.

घरी आलो तर आई मशीनवर.
पितृपक्ष लागला की आमच्याकडे फरशी दिसत नाही.
घेरावर घेर, आरसे, कवड्या,
कुकरच्या शिट्टीला अडकलेली कुणाची ओढणी.
फोन वाजतो. दातांत टाचणी धरून आई म्हणते,
“थई गयुं बेन, बस हूक बाकी छे.”
हूक!
बाही अजून कापलेली नसते.

लहानपणी वाटायचं, आई खोटं बोलते.
मग एका रात्री पाणी प्यायला उठलो
तर शिवून झालेला सात मीटरचा घेर
ती ब्लेडने उसवत बसलेली.
का गं?
चुणी एका अंगाला झुकतेय.
कोणाला दिसणारे ते?
मान वर न करता म्हणाली,
गिरकी घेतली की दिसेल.

तिला बिचारीला तारीख ढकलता येत नाही.
घट बसतातच.
ज्या वर्षी तिला डेंग्यू झाला
तिने पडल्या पडल्या एकेकीला फोन केला,
झालंय म्हणाली नाही, तापाचा आकडा सांगितला.
रावपुऱ्यातली पल्लवी नवव्या रात्री आली,
तशीच घालून गेली,
एका रात्रीपुरती नाचली.
दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच, कापड घेऊन सर्वात आधी.

मी भोळा आहे असंही नाही.
पाणीगेटचा एक मास्तर अकरा जणींची कापडं घेऊन
पहाटेच्या गाडीने सुरतेला गेला, तो गेलाच.
त्याचेही शेवटपर्यंत हूकच राहिले होते.
शब्द तेच. मग ओळखायचं कशावरून?

आईला विचारलं.
ती सुईत दोरा ओवत होती. चुकला.
थुंकी लावून पुन्हा ओवला.
“पळणारा कधी काय बिघडलंय ते सांगत नाही,” म्हणाली,
“त्याचं सगळं छानच चाललेलं असतं.”
मग, “तुझ्या त्याचं काय बिघडलंय?”

मी झलक लावून फोन तिच्यापुढे धरला.
तिने चष्मा कपाळावर सारला, डोळे बारीक केले.
धुकं. होडी. कंदील.
पुन्हा लाव.
पुन्हा लावली.
“धुकं इकडून तिकडे चाललंय,
आणि ह्या बाईचा पदर तिकडून इकडे.”

शंभरदा पाहिलं असेल मी, मला दिसलं नव्हतं.
त्यालाही दिसलं नसेल.
किंवा दिसलं असेल, आणि आत्ता, या घटकेला,
कुठल्याशा डोंगरातल्या गावात
तो पदर उसवत बसला असेल.

“घाई करू नको म्हणावं त्याला,” आई म्हणाली
आणि तिचा फोन वाजला.
तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.
थई गयुं बेन.

खुंटीवर एक मोरपिशी चोळी होती.
तिचे खरंच फक्त हूक राहिले होते.
मी डबी उघडली.