सेतू केंद्रात उघडी राहिलेली यादी

उत्पन्नाचा दाखला घेऊन डिलेश्वरी गेली,
खातं बंद करायचं विसरली.
पडद्यावर यादी:

मोहफुलं वाळत घालणे.
आयटीआयचा फॉर्म, उद्या शेवटचा दिवस.
मंडईतल्या नाटकाची थोरली सून,
तिला विहिरीतून वर काढणे.
गोष्टीच्या माथ्यावर लिहिणे:
यात मारझोड आहे. विहीर आहे.
सोसत नसेल त्यानं तिसरा भाग सोडावा.
थोरलीला नाव देणे.

ते नाटक मीही पाहिलं, पोतं अंथरून, पहाटेपर्यंत.
तंबूच्या दारात कोणी सांगितलं नव्हतं.
बहीण मधातच उठली तर म्हणालो,
बस ना वं, तिकिटाचे पैसे गेले.

खातं बंद केलं.
बहिणीला फोन लावला.
वाजत राहिला.
मोह वेचायला गेली असंल.