दर्शनी भाग

कुडतरीच्या तळ्यापलीकडे गाडी थांबली
तेव्हा साडेदहा झाले होते, आणि आम्ही तिघे परीक्षक
एकमेकांना आधीच कंटाळलेले.
तनेजाबाईंनी काळा चष्मा कपाळावर चढवला.
दुकले म्हणाले, "बाप रे, फ्रान्स!"
मी तक्त्यावर तारीख घातली.

उतरतं निळं छप्पर, त्यातून डोकावणाऱ्या
भुवया उंचावलेल्या सहा खिडक्या.
जवळ गेल्यावर छप्पर पत्र्याचं निघालं.
दोन्ही अंगांना अकरा-अकरा सुरू,
कापून कापून शंकू केलेले, हू की चू न करता उभे.
लॅव्हेंडर इथे जगत नाही
म्हणून वाफ्यांत जांभळी कोरांटी,
आणि खडी चिऱ्याची,
आमचे बूट लाल करणारी.

सममिती, दहापैकी.
एकतीस वर्षं बांधकाम खात्यात रस्ते मोजले मी,
टेप खिशातच असतो.
फाटकापासून दारापर्यंत रेघ सरळ,
डावं उजव्याला इंचभरही चुकत नाही.
फक्त मधोमध, जिथे कारंजं हवं,
तिथे रोयण.
कमरेच्या वर आलेलं, ओल्या मातीचं,
पाच बोटं आभाळाकडे केल्यासारखं,
आणि त्याच्याभोवती कुंतीचं कुंपण
कात्रीने गोल, निर्दोष गोल.

माळी शाणू वेळीप, केप्याहून सायकलीने येतो.
बापाने दोनदा फोडलं म्हणाला, दोनदा उठलं.
तिसऱ्यांदा कुदळ त्याच्या हातात दिली
तेव्हा तो पात्रांवला म्हणाला होता, "हांव हालोवचो ना."
पात्रांव कॅथलिक. थोडा वेळ उभा राहिला,
मग कारंज्याचे नळ विकून टाकले.

आत भिंतीच्या कागदावर मेंढपाळणी,
शंभर वेळा तीच, शंभर वेळा हसणारी.
खिडकीलगतच्या आठ-दहा जणींचे चेहरे
बुरशीने खाल्लेत.
सोनेरी पायांच्या खुर्च्या, बसू नये अशा.
आरसा घामेजलेला.
आणि संगमरवरी शेकोटी! गोव्यात!
तनेजाबाई वाकल्या, आत बघितलं, झटकन मागे सरल्या.
धुराड्यात चोरिसांच्या माळा टांगल्या होत्या,
खाली नारळाच्या करवंट्या धुमसत होत्या.
दुकल्यांनी हळूच विचारलं, विकत मिळतील का.

एर्मेलिंदा कुलासोबाईंनी कपाटातून
बिस्किटांचा डबा काढला.
वडील तारवटी, मार्सेयच्या बोटीवर भांडी घासायचे.
हा डबा रिकामा झाला तेव्हा फेकायला दिला त्यांच्याकडे.
झाकणावर हे घर.
हेच. सहा खिडक्या, शंकू, कारंजं,
कोपऱ्यात गंजाचा एक ढग.
"बावीस वर्षं झाकण पेटीत होतं," त्या म्हणाल्या,
"मग मेस्त्रीसमोर ठेवलं."

मी विचारलं, मागचं घर पाहू?
त्या हसल्या. "झाकणावर मागची बाजू नव्हती."

मागे पडवी. कौलं. रहाट मोडलेली विहीर.
पाट्यावर अर्धवट वाटलेलं खोबरं, वर माशी.
सुपात सोलं वाळत घातलेली,
आणि एक कोंबडी, जिला सममितीचं काही पडलेलं नाही.
भिंतीला टेकवलेली वेताची खुर्ची
बसून बसून बाईंच्या आकाराची झालेली.
माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता.
सजावट, उद्यान, शैलीशी निष्ठा, देखभाल;
मागचं कुणी छापलंच नव्हतं.

गाडीत तनेजाबाईंनी निष्ठेला चार दिले.
दुकल्यांनी आठ, मांडीवर चोरिसांची पुडी.
मी सममितीत एक गुण कापला,
पुन्हा दिला, पुन्हा खोडला,
कागदाला भोक पडलं तिथे.
शेऱ्यासाठी दोन ओळी असतात.
पहिली मोकळी सोडली.
दुसरीत लिहिलं:
रोयण, चार फूट दोन इंच.
माती ओली आहे. वाढत आहे.