सातवी सही

तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमागे
रंगाच्या रिकाम्या डब्यात एक झाड वाढलं.
पानाला पाच बोटं, कडेला करवत.
अर्जावर आठ सह्या झाल्या. सातवी माझी.
तसलं पान मी पाहिलं होतं फक्त
मुलाच्या टी-शर्टवर,
इस्त्री करताना, उलट्या बाजूनं.

चेंबूरच्या ठाण्यातून हवालदार गुट्टे आले.
वच्छलाबाई सुरनर दारातच उभ्या,
पिशवीत आधार, रेशनकार्ड, लाइटबिल,
भाडेकराराच्या तीन झेरॉक्स.
हे झाडाबद्दल असेल
असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

गुट्ट्यांनी फोटो काढला, बोटं मोजली,
देठावरच्या बारीक काट्यांवरून अंगठा फिरवला,
मग पान तोडून सरळ तोंडात टाकलं.
एक डोळा मिटला.
“अंबाडी,” ते म्हणाले. “कण्या घालून करता का, मावशी?”
“ज्वारीच्या कण्या कुठल्या इथं? तांदळाचा चुरा घालते.”
“लसूण मात्र ठेचून.”
“ठेचूनच.”
जिन्यात आम्ही आठजण
एकमेकांच्या चपलांकडे बघत.

वहीत त्यांनी काय लिहिलं, ठाऊक नाही.
दसऱ्यानंतर फुलं आली, पिवळी,
घशाशी जांभळट डाग.
बाई दिसल्या की हसतात.
भाजी मात्र कुणाकडे पाठवली नाही.
मी बाजारातून जुडी आणली, वीस रुपयांची.
आधी उकडून पाणी टाकायचं असतं म्हणे.
कुणाला विचारणार? तशीच शिजवली.

दात अजून आंबलेत.