एकास एक

गुदैबियात लाँड्रीच्या वरचा मजला.
जिना चढताना इस्त्रीची वाफ पायजम्यात शिरते.
शुक्रवारी चार ते सात. सहा कॉम्प्युटर, त्यातला एक बंद.
बिनॉय सर म्हणाले, आधी युनिट ठरवा,
मिलिमीटर. फुटात विचार करायचं सोडा.

पहिली रेघ काढली ती माउसबरोबर पळतच सुटली,
थांबेना.
सर म्हणाले, एस्केप दाबा.
अशी कळ असते, वर डाव्या कोपऱ्यात.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षं मी ड्रॉइंग दुसऱ्या टोकाने वाचलं,
वाळूत चार दगडांखाली दाबलेला, घामाने पुसट झालेला कागद
आणि त्यावर हातिम इंजिनिअरचं बोट:
ही इथे वाकव, ती तिथे बांध.
सोळाची बारा मीटर सळई, एकोणीस किलो,
खांद्यावर घेतली की शेपूट मागे घासत येतं.
इथे ती एका क्लिकमध्ये आली.
उचलून दुसरीकडे ठेवून पाहिली.
कापली, मग कंट्रोल झेड केलं. जोडली गेली.
चार वेळा केलं मी ते. शेजारचा श्रीलंकेचा पोरगा हसला.

सर म्हणाले, काढायचं ते खऱ्या मापात, एकास एक.
लहान करायचं ते कागदावर उतरवताना.
मला हे पचायला आठवडा गेला.
आमचं उलटं. हर्णैला फोन लावतानाच मी
सगळं एकास शंभर करून घेतो:
ताप होता त्याची कणकण होते,
दोन महिने थकलेला पगार होतो 'येईल की'.

गृहपाठ होता, ओळखीची एक खोली काढा.
रात्री सित्र्याच्या कॅम्पात टेप काढली,
दुसरं टोक दिलबहादूरने वरच्या बंकवरून लोंबत धरलं.
चोवीसशे बाय बेचाळीसशे. खाटा एकोणीसशे बाय नऊशे.
मधली वाट सहाशे.

सरांनी पडदा पाहिला. दाराची कमान खाटेत घुसतेय, म्हणाले,
हे दार उघडणार कसं?
साठ अंशांपर्यंत उघडतं, सर. आम्ही आडवे होऊन शिरतो.
ते चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, साठच काढ.

आणि खोलीत माणसं किती?
आठ.
खाटा तर चारच आहेत.
वरून बघतोय ना सर आपण. खालच्या वरच्यांखाली गेल्या.
मी खाली झोपतो.
त्या प्लॅनमध्ये मी कुठेच नव्हतो,
आणि माप सगळं बरोबर होतं.

झाकलेलं असतं ते तुटक रेघेने दाखवतात, सर म्हणाले.
ती रेघ आधी लोड करावी लागते.
केली. तरी सलगच दिसत होती.
जवळ जा, म्हणाले.
चाक फिरवत गेलो, गेलो,
तेव्हा कुठे तिच्यातल्या फटी दिसल्या.

प्रिंट एकास पन्नासने काढली. शंभर फिल्स घेतले.
कोपऱ्यातल्या चौकटीत, 'काढणार'च्या पुढे,
सुभान मुकादम. 'तपासणार' रिकामं.

रात्री दिलबहादूर बंकवरून डोकं खाली काढून म्हणाला,
यात माझी कुठली?
तुझी सलग रेघेची. माझी तिच्याच पोटात, तुटक.
कुठे?
मी बोट ठेवलं.
बोटाखाली दोन्ही झाकल्या गेल्या.